मागच्या दाराने येणाऱ्या साखळ्या

डोंगराळ तोमुनाई गावात चेनसॉ, म्हणजे इंजिनाची करवत, चालवणारे अकरा पुरुष आहेत, आणि एका बाबतीत त्या अकराही जणांचं एकमत आहे. ज्याला आपल्या करवतीच्या साखळीला स्वतः धार लावता येत नाही, त्याने जंगलात पाऊल टाकू नये, घरी बसून बटाटे सोलावेत. हे मत दर नोव्हेंबरात, हिवाळी काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, गावच्या सभागृहात गरम साके पोटात गेल्यावर नव्याने मांडलं जातं. कानस किती तिरकी धरावी, कोणाच्या साखळीतून नखाएवढे ढलपे उडतात, कोणाचे वडील डोळे मिटून धार लावत, सगळी उजळणी होते. मग मंडळी समाधानाने घरी जातात.

अकराही साखळ्यांना धार लावत मिसाओबाई.

मिसाओ शिबुकावा यांचं वय चौऱ्याहत्तर, अंगकाठी किरकोळ, आणि चष्मा नाकाच्या इतक्या टोकावर की पाहणाऱ्याला उगाच हात पुढे करावासा वाटे. त्यांचे वडील हातकरवतींना धार लावून द्यायचा धंदा करत. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून कानस मुलीच्या हातात आली. पुढे लग्न झालं ते लाकूडतोड्या तोकुजीशी. तोकुजी माणूस सोन्यासारखा, पण कानस धरायचा ती करपलेलं पातेलं घासल्यासारखी. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याची करवत सरळ खोडातून वाकडी निघायला लागली. मिसाओबाईंनी साखळी हातात घेऊन पाहिली. उजवे दाते लांब, डावे आखूड. "तुम्ही आंघोळीला जा," त्या म्हणाल्या. तो आंघोळ करून येईपर्यंत साखळी तयार होती. दुसऱ्या दिवशी तोकुजीने गँगमध्ये सांगितलं की काल रात्री जरा मन लावून बसलो होतो. तिथून खोटेपणाला सुरुवात झाली.

तोकुजीच्या धारेची कीर्ती पसरली. मग एका रविवारी गँगचे मुकादम ओनोदेरा मागच्या दाराशी येऊन उभे राहिले. तोकुजी घरी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांनीच त्याला कामावर पाठवलं होतं. "वहिनी, तोकुजी आहे का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कोटाच्या आतून साखळी काढली. कोणाला सांगू नका, एवढंच म्हणाले. मिसाओबाईंनी शब्द दिला. पुढच्या वर्षी नदीकाठचा हातानाका आला. मग अळंबीवाला सुगाया. तोकुजी वारला तोवर आठजण झाले होते, आणि त्याच्या अंत्यविधीला धूप लावून परतताना आणखी तिघांनी मिसाओबाईंना बाजूला घेतलं.

गंमत अशी की प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच. मिसाओबाईंनी अकराजणांना अकरा वेळा शब्द दिला होता, आणि एकच गुपित अकरा ठिकाणी सांभाळायचं म्हणजे काय कसरत असते ते त्यांनाच माहीत. सुगाया आत बसलेला असताना हातानाका आला, तर त्या सुगायाला सरपणाच्या खोलीत कोंडत. एकदा सरपणाच्या खोलीत आधीच दुसरा कोणी होता. त्या दिवशी सुगायाला कोबीच्या पिंपामागे अर्धा तास काढावा लागला.

कोणी पाहिलंच, तर सांगायला एक कारण लागतं. ते कारण म्हणजे मिसाओबाईंचं मुळ्याचं लोणचं. "वहिनींकडे लोणचं न्यायला गेलो होतो," असं सांगितलं की विषय मिटे. म्हणून प्रत्येक साखळीबरोबर एक बरणी जाई. मिसाओबाईंचं लोणचं इतकं खारट असे की एका फोडीवर तीन वाट्या भात संपावा. पण पुरुषांनी ते कधी नाकारलं नाही, आणि आपल्या लोणच्याला गावात मान आहे अशी मिसाओबाईंची प्रामाणिक समजूत होती.

मोबदल्याचं बोलणं कधी झालं नाही. छपरावरचं बर्फ आपोआप उपसलं जाई, दाराशी हरणाची तंगडी येऊन पडे, बटाट्याचं पोतं कोण ठेवून गेलं ते विचारायचं नसे.

धार लावणं म्हणजे दात घासून चकचकीत करणं, असं अडाणी माणसाला वाटतं. मिसाओबाईंचा सगळा राग त्या चकचकीतपणावर. दाताच्या टोकावर उजेड चमकला की समजावं, दात बोथट आहे. धारेच्या टोकावर उजेडाला बसायला जागाच नको. त्या साखळी खिडकीकडे धरत, एकेक दात पुढे सरकवत, आणि कोण कसा वागला ते त्यांना कळून जाई.

ओनोदेरांची गँग डोंगरावर लार्चची झाडं तोडते. जानेवारीत तिथे उणे वीस, आणि लार्च आतपर्यंत गोठलेला असतो. गोठलेलं लाकूड मऊ लाकडासारखं कापायला गेलं की दातांचे कोपरे पटापट उडतात. एकदा शहरातल्या दुकानदाराने ओनोदेरांच्या गळ्यात चौकोनी कोपऱ्याच्या दातांची साखळी मारली होती. झपाट्याने कापते म्हणाला. मिसाओबाईंनी ती बघितली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. "ही एप्रिलनंतर, फरचं स्वच्छ लाकूड कापायला," त्या म्हणाल्या. "आत्ता गोल खांद्याचा दात हवा. जरा सावकाश जाईल, पण दुपारपर्यंत टिकेल." ओनोदेरांनी मुकादमाला शोभेल असा आवाज काढून विचारलं, की दात किती खोल जावा ते ठरवणारी दातापुढची खुंटी आणखी उतरवली तर दात जास्त खोल घुसणार नाही का? "घुसेल. आणि करवत तुमच्या हातातून निघून तुमच्याच अंगावर येईल," मिसाओबाई म्हणाल्या. थंडीत त्या दातापुढच्या खुंटीला जवळजवळ हात लावत नसत, आणि कानस नेहमीपेक्षा कमी तिरकी धरत, म्हणजे दाताच्या टोकामागे लोखंड भरपूर राहतं.

सुगायाचं काम ओकचं. अळंबी ओकच्या ओंडक्यांवर उगवते, त्यासाठी ओकची झाडं पाडायची. लाकूड कडक, पण स्वच्छ. त्याच्या साखळीचं काही विशेष नसे, फक्त घरात बायकोशी वाजलं की दुसऱ्या दिवशी ती दगडाला लागलेली असे. हातानाकाचं मात्र दुखणंच वेगळं. पुरात वाहून आलेली झाडं तो नदीपात्रात कापतो, आणि त्या झाडांच्या सालीत वाळू भरलेली असते. आधी कुऱ्हाडीने साल काढा, मग करवत लावा, हे मिसाओबाईंनी त्याला पंचवीस वर्षं सांगितलं.

"काढली होती साल, काकू. शपथेवर सांगतो."

"हातानाका, ह्या साखळीने साल काढलेलं लाकूड बघितलेलं नाही."

हातानाका खाली मान घालून लोणच्याची बरणी उचले.

सगळ्यात जास्त त्रास दुपारच्या जेवणाचा. जंगलात जेवण झालं की प्रत्येकजण सगळ्यांना दिसेल असा बसून, कानस काढून, आपल्या साखळीवर चारदोन हात मारणार. नाहीतर लोक काय म्हणतील? मिसाओबाईंनी अर्धा तास खपून जमवलेला दात ह्या नाटकात दोन मिनिटांत बिघडे. शेवटी त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे शिकवलं की नाटक करा, पण कानस दातापासून केसभर लांब धरा. तेव्हापासून तोमुनाईच्या जंगलात दुपारी अकरा पुरुष गंभीर चेहऱ्याने हवेला धार लावत बसतात. कोणाच्याच कानशीचा आवाज येत नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना नवीन वर्षाला काझुहितो आला.

काझुहितो हा मिसाओबाईंचा एकुलता एक मुलगा, साप्पोरोत विमा कंपनीत असतो. मुलगा गुणी आहे, आईची काळजी करतो, आणि काळजी करणाऱ्या माणसाशी वाद घालणं फार अवघड असतं. डिसेंबरात मिसाओबाई अंगणात घसरून पडल्या होत्या. मनगट मुरगळलं, एवढंच. पण ते त्याला कळलं, आणि तो चार दिवस घरात बसून मोजत राहिला की आईकडे कोण येतं. सुट्टीचे दिवस, करवती बंद. कोण येणार? कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

"आई, तुझ्याकडे दिवसच्या दिवस कोणी येत नाही," तो म्हणाला. "उद्या पडलीस तर कोणाला कळणार?"

मिसाओबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. येतात की, म्हणावं, तर कोण, हा पुढचा प्रश्न. कशाला, हा त्याच्या पुढचा. अकराजणांना दिलेला शब्द आडवा आला. "बरं," त्या म्हणाल्या. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तो गाडी घेऊन येणार, असं ठरलं.

जायचं नव्हतं त्यांना. अजिबात नव्हतं. मुलाचं घर त्या बघून आल्या होत्या. नववा मजला, खिडकीतून गाड्यांचा तळ. सून स्वभावाने चांगली, पण तिच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्या चिनीमातीच्या. त्यांना कानस लागत नाही, बोथट झाल्या की फेकून देतात. त्या घरात आपण दिवसभर हात मांडीवर ठेवून बसणार, हे मिसाओबाईंना स्पष्ट दिसत होतं, आणि त्या विचाराने त्यांना रडू येई. रडू आलं की त्या कोणाची तरी साखळी काढून बसत.

बातमी फुटली आणि मागच्या दाराशी रांग लागायची वेळ आली. प्रत्येकजण हादरलेला, आणि प्रत्येकाची पंचाईत तीच. मुलाला सांगावं तर स्वतःचं बिंग फुटतं. शेवटी ओनोदेरांनी साप्पोरोला फोन लावला. आईंना नेऊ नकोस रे, म्हणाले, त्यांच्या लोणच्यावाचून गावाला जेवण जायचं नाही. संध्याकाळी हातानाकाचा फोन गेला. लोणच्याबद्दल. दुसऱ्या दिवशी सुगायाचा. आठवड्याभरात काझुहितोला लोणच्यासंबंधी नऊ फोन आले. त्याने ते लोणचं लहानपणापासून खाल्लं होतं. गावाच्या पाण्यात काही दोष असावा, अशी शंका त्याने बायकोकडे बोलून दाखवली.

निरोपाचं जेवण सभागृहात ठेवलं होतं. बायका स्वयंपाकघरात, पुरुष लांब टेबलांशी, मधोमध मिसाओबाई ठेवणीतला किमोनो घालून. अकराजण मिसाओबाईंच्या आयुष्यभराच्या सेवेबद्दल बोलत होते. कसली सेवा ते कोणी बोलत नव्हतं.

काझुहितो उशिरा आला. सकाळपासून तो सामान बांधत होता. आला तो हातात लोखंडी बादली घेऊन, आणि ती त्याने टेबलावर ठेवली तेव्हा आत काहीतरी खळखळलं.

सरपणाच्या खोलीत ताडपत्रीखाली मिळाल्या, तो म्हणाला. करवतीच्या साखळ्या आहेत, अकरा, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. कोणाच्या असतील त्यांनी न्याव्यात.

अकराही जणांनी एकदम पेले तोंडाला लावले.

काझुहितोने तपकिरी चिंधीची साखळी उचलून पहिल्यांदा ओनोदेरांपुढेच धरली. मोठा माणूस म्हणून. "तुमची आहे का?"

"माझी?" ओनोदेरा म्हणाले. "माझ्या साखळीला मी स्वतः धार लावतो."

सुगायाने कानावर हात ठेवले. हातानाकाने आपलीच साखळी हातात घेतली, जन्मात पहिल्यांदा बघत असल्यासारखी उलटसुलट केली, आणि कोणाची का असेना, धार मात्र सुरेख आहे, असा अभिप्राय देऊन परत बादलीत टाकली. एकेकाने असंच केलं. काझुहितो वैतागला. मग उद्या जाताना भंगारवाल्याकडे टाकतो, म्हणाला. अकरा चेहरे एकदम उतरले. सोमवारी काम होतं, आणि करवतीवर चढवलेली साखळी शनिवारीच बोथट झालेली.

"आई, तू तरी सांग. कोणाच्या आहेत ह्या?"

मिसाओबाईंनी बादलीकडे बघितलं. एक नाव घेतलं असतं तर पुरे होतं. आपल्याकडे माणसं येतात, रोज येतात, आपल्यावाचून त्यांचं अडतं, हे त्या एका नावाने सिद्ध झालं असतं, आणि उद्याची गाडी रिकामी परत गेली असती. प्रत्येक चिंधी त्यांनी स्वतः फाडून बांधली होती. त्यांनी मान वर केली, तेव्हा अकराजण त्यांच्याकडे बघत होते.

"मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांच्या असतील."

"बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ह्यांना कालचं तेल आहे."

मिसाओबाई किमोनोच्या बाहीत हात घालून बसल्या, आणि बाहीच्या तोंडाशी त्यांचा अंगठा बोटावरून कानशीसारखा मागेपुढे फिरत होता. हे फक्त ओनोदेरांना दिसलं, कारण ते शेजारी बसले होते.

ओनोदेरा अडुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांच्या पायावर झाड पडलं होतं तेव्हासुद्धा त्यांनी तोंडातून आवाज काढला नव्हता, असं म्हणतात. दर नोव्हेंबरात बटाटे सोलण्याचा मुद्दा पहिल्यांदा तेच काढतात. त्यांनी समोरचा पेला उचलला, परत ठेवला, टेबलाला दोन्ही हात टेकून उठले आणि बादलीतून तपकिरी चिंधी बाहेर ओढली.

"ही माझी," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणालात, धार तुम्ही स्वतः..."

"खोटं बोललो. धार वहिनींची. सव्वीस वर्षं झाली. मला कानस धरता येत नाही. कधीच येत नव्हती."

बोलून ते खाली बसले आणि समोर बघत राहिले. आता ते बटाटे सोलायला जाणार की काय, असं क्षणभर सगळ्यांना वाटलं.

"सव्वीस?" हातानाका ओरडला. "मला वाटायचं मी एकटाच."

"तू एकटा?" सुगाया म्हणाला. "अरे, मग त्या दिवशी मी कोबीच्या पिंपामागे बसलो होतो तो कोणामुळे?"

मग बांध फुटला. अकरा हात बादलीत गेले. निळी माझी, हिरवी माझी, तू कधीपासून, मी तुझ्याआधी. दोन मिनिटांपूर्वी ज्यांच्या तोंडाला कुलूप होतं ती मंडळी आता वहिनींकडे पहिल्यांदा कोण गेलं यावर भांडू लागली. कोणीतरी दुपारच्या हवेतल्या कानशीचं कबूल केलं, आणि ते नाटक प्रत्येकाचंच होतं हे कळल्यावर ओनोदेरांनासुद्धा हसू आवरेना.

स्वयंपाकघरातून बायका बाहेर आल्या. त्यांना कसलंच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. ओनोदेरांच्या बायकोने हात पुसत सांगितलं की घरात तिसरी बरणी आली तेव्हाच आम्हाला कळलं होतं, लोणचं आम्ही बर्फात पुरून टाकत होतो. त्या संध्याकाळी मिसाओबाईंना एकाच गोष्टीचं वाईट वाटलं, ते ह्याचं. "सगळं?" त्यांनी विचारलं. बायका भात वाढायला वळल्या.

काझुहितो मात्र हसत नव्हता. तो आईच्या समोर येऊन खाली बसला. एवढी माणसं येतात तर सांगितलं का नाहीस, त्याने विचारलं. शब्द दिला होता, त्या म्हणाल्या. मग त्याने जे विचारलं, ते नवीन वर्षाला विचारायला हवं होतं, हे त्याचं त्यालाच समजलं असावं, कारण त्याचा आवाज खाली गेला.

"आई, तुला यायचंय का साप्पोरोला?"

मिसाओबाईंचे डोळे भरून आले. मुलाला नाही म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा नाकाच्या टोकावर ठेवला.

"गोठलेलं लाकूड संपू दे," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या साखळ्यांकडे बघायला कोणी नाही. ते संपलं की मग बघू."

काझुहितोने मान डोलावली. पद्धतशीर माणूस, त्याने खिशातून वही काढली आणि ओनोदेरांना विचारलं, गोठलेलं लाकूड साधारण कधी संपतं?

ते मार्चच्या मध्याला संपतं. तोमुनाईतलं शेंबडं पोर सांगेल. ओनोदेरांनी टेबलाभोवतीच्या दहा चेहऱ्यांवरून नजर फिरवली.

"ह्या वर्षी थंडी फार आहे," ते म्हणाले. "सांगता येत नाही."

"लार्च आतून फार सावकाश वितळतो," हातानाका म्हणाला.

"ओक त्याहून सावकाश," सुगायाने भर घातली.

काझुहितोने ते सगळं लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन गेला.

मे महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा ओनोदेरा मिसाओबाईंच्या अंगणात, पुढच्या दाराशी, नुसत्या सदऱ्यावर उभे होते. मिसाओबाई चौकोनी कोपऱ्याच्या दातांना कानस लावत होत्या, हात काळे झालेले, म्हणून फोन ओनोदेरांनी घेतला. लाकूड संपलं का, काझुहितोने विचारलं.

"नाही रे. आत अजून गोठलेलंच आहे."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"ओनोदेराकाका, इथे चेरी फुलून गेलीसुद्धा."

"तिकडची हवा वेगळी," ओनोदेरा म्हणाले.

"असेल," काझुहितो म्हणाला. "आईला सांगा, घाई नाही. नीट वितळू दे."